बिनतारीच्या मागची तार

जयपूरहून आग्र्याच्या वाटेला लागलं की साधारण पंधरा किलोमीटरवर कानोता येतं. बस्सी तहसिलीतलं गाव. तिथल्या जुन्या ठाकूर घराण्याची गढी आता हॉटेल झाली आहे. याच घराण्यातल्या अमरसिंहांनी 1898 ते 1942 अशी चव्वेचाळीस वर्षं इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तिचे 89 खंड भरतात. इतिहासाच्या अभ्यासकांना कानोता माहीत आहे ते या रोजनिशीमुळे. बाकीच्यांच्या लेखी ते महामार्गावरचं एक गाव आणि जयपूर-बांदीकुई लोहमार्गावरचं एक लहानसं स्टेशन, लांब पल्ल्याच्या गाड्या जिथून न थांबता पुढे जातात.

अशा स्टेशनांवरून न थांबता पुढे जाणारी आणखी एक गोष्ट असते, पण ती दिसत नाही. देशातल्या मोठ्या लोहमार्गांच्या कडेनं, खडीच्या बाजूला जमिनीत, काचेच्या तंतूंची केबल पुरलेली आहे. सिग्नल आणि स्टेशनांमधला संवाद ही रेल्वेची स्वतःची गरज होती. पण काचेच्या एका तंतूतून रेल्वेला लागते त्याच्या कैक पट माहिती वाहू शकते. ही उरलेली क्षमता विकण्यासाठी सप्टेंबर 2000 मध्ये रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. आज तिच्या जाळ्याची लांबी साठ हजार किलोमीटरच्या वर आहे. रुळाशेजारच्या गावांच्या अगदी अंगणातून इंटरनेट धावतं. ते गावात उतरतं का, हा वेगळा प्रश्न.

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे हातात मावणारे संगणक आले, फुकट वायफायच्या घोषणा झाल्या, डिजिटल गावांची उद्घाटनं झाली. यातलं काय टिकलं आणि काय विरलं याचा शोध घेताना मला सगळीकडे एकच गोष्ट दिसते. बिनतारी म्हणवणारं इंटरनेट प्रत्यक्षात फार थोडा वेळ बिनतारी असतं. फोनपासून भिंतीवरच्या डब्यापर्यंतचे तीस-चाळीस मीटर हवेतून, आणि तिथून पुढे शेकडो किलोमीटर जमिनीतून किंवा समुद्राच्या तळाशी असलेल्या केबलमधून. घोषणा होतात त्या हवेतल्या चाळीस मीटरांच्या, आणि पैसे लागतात ते जमिनीतल्या तारेला.

आधी त्या चाळीस मीटरांबद्दल. रेडिओलहरी वापरायच्या तर सरकारचा परवाना लागतो, कारण दोघांनी एकाच जागी एकाच कंप्रतेवर प्रक्षेपण केलं तर दोघांचंही बिघडतं. अमेरिकेनं 1985 मध्ये काही पट्टे विनापरवाना संपर्कासाठी मोकळे केले. त्यातला एक 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा. हा पट्टा तसा कुणाला नकोच होता, कारण मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच चालतात आणि तिथे गोंगाट असतो. या टाकाऊ जमिनीवरच वायफायची वस्ती उभी राहिली. त्याचं पहिलं मानक 1997 मध्ये ठरलं, तेव्हा वेग होता सेकंदाला 2 मेगाबिट. दोन वर्षांत तो 11 झाला.

पुढची उडी मारायला एक अडचण होती. खोलीत रेडिओलहरी भिंतींवर, कपाटांवर आपटून परततात आणि मूळ संदेशाच्या अनेक किंचित उशिरा आलेल्या प्रती एकमेकींत मिसळतात. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. त्यांच्या कामाची मुळं खगोलशास्त्रात होती. फुटणाऱ्या इवल्या कृष्णविवरांचे रेडिओसंकेत शोधायचा त्यांचा जुना प्रयत्न होता. कृष्णविवरं काही सापडली नाहीत, पण विखुरलेला संकेत पुन्हा नीट करण्याचं गणित हाती राहिलं. पुढे बड्या कंपन्यांशी कोर्टात भांडून या संस्थेनं पेटंटपोटी कोट्यवधी डॉलर मिळवले. सरकारी संशोधनाचे पैसे असे परत आल्याची उदाहरणं फार नाहीत.

भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा उघड्यावरच्या वापरासाठीही मोकळा झाला तो जानेवारी 2005 मध्ये. त्याआधी अंगणापलीकडे वायफाय न्यायचं तर परवान्याची कटकट होती.

विनापरवाना पट्ट्यात शिस्त कशी राहते? वायफाय म्हणजे सभापती नसलेली सभा. प्रत्येक यंत्र आधी कान देतं, शांतता असेल तर बोलतं, कुणी बोलत असेल तर थांबतं आणि पुन्हा प्रयत्न करण्याआधी मनाशी एक यादृच्छिक आकडा धरून तेवढा वेळ गप्प राहतं. दहा जण असतील तर ही पद्धत छान चालते. फलाटावर पाचशे जण असतील तर बराचसा वेळ थांबण्यातच जातो. स्क्रीनवर वायफायच्या सगळ्या कमानी भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, त्यामागचं एक कारण हे. दुसरं कारण फोनचं स्वतःचं. भिंतीवरच्या डब्याचा आवाज मोठा असू शकतो, फोनचा मात्र बॅटरी जपण्यासाठी मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. डब्याचं म्हणणं फोनला ऐकू येतं, फोनचं उत्तर डब्यापर्यंत पोचत नाही. त्यात 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणूस हा बव्हंशी पाणीच. गर्दी ही लहरींच्या दृष्टीनं चालती-बोलती भिंत असते.

आणि हे सगळं सुरळीत चाललं तरी त्या डब्याच्या पाठीमागे येणारी तार बारीक असेल, तर काही उपयोग नाही.

महाराष्ट्रात याचा पहिला मोठा धडा वारणेनं दिला. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभी केलेली वारणानगरची सहकारी चळवळ साखर कारखाना, दूध संघ, बझार, शाळा-कॉलेजं असा पसारा घेऊन उभी होती. कोल्हापूर-सांगलीतल्या तिथल्या सुमारे 70 गावांत 1998 मध्ये केंद्र सरकारनं संगणकांची केंद्रं उघडायचं ठरवलं. ‘वायर्ड व्हिलेज’ असं त्याचं नाव. दिल्लीतून देशभर ज्यांची चर्चा झाली अशा गावांच्या संगणकीकरणाच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. कल्पना अशी की शेतकरी केंद्रात येईल, पिकांची माहिती वाचेल, बाजारभाव पाहील, सरकारी कागद काढील.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेतले संशोधक वारणेत गेले, तेव्हा त्यांना चित्र वेगळं दिसलं. संगणक चालू होते, पण मुख्यतः एकाच कामाला. ऊस. कुणाचा किती टन काट्यावर चढला, कुणी किती खत उचललं, तोडणीची पाळी कुठे आली. गावाच्या केंद्रातला चालक ही माहिती कारखान्याकडून घेई आणि सभासदाला देई. पिकांचं ज्ञान, जगाची खिडकी वगैरे बाजूला पडलं होतं. शेतकऱ्याला आपल्या उसाचं वजन हवं होतं आणि ते लवकर हवं होतं. उभा ऊस एकदा तोडला की त्याचं वजन तासागणिक कमी होतं, त्यामुळे काट्यावरचा आकडा हा वारणाकाठी कुठल्याही बातमीपेक्षा मोठा.

मग एवढ्या कामाला अख्खा संगणक कशाला? तो धूळ खातो, वीज गेली की बंद पडतो, बिघडला तर दुरुस्तीला माणूस तालुक्यावरून यावा लागतो. संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. केंद्रचालकाच्या हाती साधा मोबाइल दिला. त्यानं सभासदाचा क्रमांक एसएमएसनं पाठवायचा, कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला फोन तो वाचणार आणि उत्तर परत पाठवणार. आधी संगणकावर होणारं सगळं काम या स्वस्तातल्या फोनवर झालं. खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांनाही तेच आवडलं, कारण उत्तर बांधावर उभ्या उभ्या मिळायचं. त्यांच्या निबंधाचं नाव ‘वारणा अनवायर्ड’. तार टाकून जोडलेल्या गावांत तार काढून घेण्याचा हा प्रयोग.

वारणेत फोन जिंकला असं यावरून सरळ म्हणता येत नाही. एसएमएस नेणाऱ्या मोबाइल कंपनीचा टॉवर तिथे आधीपासून होता. तो उभारायचा, त्याला वीज द्यायची, पुढच्या टॉवरशी जोडायचा हा खर्च कारखान्याच्या हिशेबात आलाच नाही, तो लाखो गिऱ्हाइकांत वाटला गेला होता. हातातलं यंत्र स्वस्त ठरतं ते मागची तार दुसऱ्या कुणी तरी आधीच भरून ठेवलेली असते तेव्हा.

हे ज्यांच्या लक्षात आलं नाही त्यांचे दोन देशी प्रयत्न आठवतात. दोन्ही प्रामाणिक, दोन्ही बुद्धिमान. पहिला सिम्प्युटर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर कंपनीतले अभियंते यांनी 1998 मध्ये त्याची कल्पना मांडली, 2001 मध्ये नमुना दाखवला आणि मार्च 2004 मध्ये तो बाजारात आला. स्पर्शानं चालणारा पडदा, आत लिनक्स, भारतीय भाषांतला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय. त्यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे स्मार्टकार्डची खाच. गरीब माणसाला दहा हजारांचं यंत्र परवडणार नाही हे धरून गावात एकच यंत्र ठेवायचं, आणि प्रत्येकानं आपलं कार्ड घालून त्याला तेवढ्या वेळापुरतं आपलं करायचं. हातातला संगणक सामायिक मालकीचा असावा असा विचार जगात फार कमी जणांनी केला. पण 2003 मध्ये नोकिया 1100 आला होता. त्याला संगणक म्हणायला जीभ रेटणार नाही. बोलता यायचं, एसएमएस यायचा, आणि वर बॅटरीचा दिवा. जगभर तो पंचवीस कोटींच्या आसपास खपला. सिम्प्युटरकडे हुशारी होती, पण त्याच्या मागे जाळं नव्हतं. नोकियाच्या मागे देशभरचे टॉवर होते.

दुसरा आकाश टॅबलेट. 5 ऑक्टोबर 2011 रोजी मोठ्या गाजावाजात आला. सरकारला पडलेली किंमत 2,276 रुपये. पहिल्या आवृत्तीची जबाबदारी राजस्थानच्या आयआयटीकडे होती. सात इंची पडदा बोटानं दाबून दाबून चालवावा लागायचा, आतला प्रोसेसर 366 मेगाहर्ट्झचा. टीका झाली ती याच गोष्टींवर, आणि ती रास्तच होती. 2012 मध्ये काम पवईच्या आयआयटीकडे आलं. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या गटानं त्यात लक्ष घातलं, आणि नोव्हेंबरात आलेला आकाश-2 बराच सुधारलेला होता. पडदा हलक्या स्पर्शाला दाद देणारा, प्रोसेसर 1 गिगाहर्ट्झचा. पण मूळ आकाशातला मोठा दोष प्रोसेसरमध्ये नव्हता. विद्यार्थ्यांसाठीचा तो टॅबलेट इंटरनेटला फक्त वायफायनं जोडता यायचा, सिमकार्डाची जागा नव्हती. 2011 मध्ये बाडमेरच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला वायफाय कुठे मिळणार होतं? यंत्राची किंमत पाडली गेली, आणि तारेचा खर्च कुणाच्याच नावे मांडला गेला नाही.

त्याच काळात, ऑक्टोबर 2011 मध्ये, केंद्रानं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. तिचा पहिला प्रयोग देशातल्या तीन गटांत झाला. त्यांतला एक अजमेर जिल्ह्यातला अराईं, म्हणजे जयपूरच्या शेजारचाच. 2012 च्या ऑक्टोबरात या तीन गटांतल्या 59 पंचायतींपर्यंत तार पोचली. योजनेची घडण मात्र अशी होती की तार पंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबते. तिथून शाळेत, दवाखान्यात, घरात कोण नेणार, त्याचं बिल कोण भरणार, ग्रामसेवकाच्या खोलीला कुलूप असेल तेव्हा डबा कोण सुरू करणार, हे प्रश्न कागदावर पुढच्या टप्प्यात होते. आपल्याकडचा पुढचा टप्पा बहुधा फारच पुढे असतो.

सार्वजनिक वायफाय पहिल्यांदा खरोखर चाललं ते जिथे तार आधीच जाड होती तिथे. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनात रेलटेल आणि गूगल यांनी फुकट वायफाय सुरू केलं. त्याआधीचं सार्वजनिक वायफाय म्हणजे कॉफीच्या दुकानातलं, पासवर्ड मागून घ्यायचं, संथ. इथे सिनेमा मिनिटांत उतरवता येत होता, कारण डब्याच्या मागे रुळाकडेची तीच तार होती. त्या वर्षअखेर शंभर स्टेशनं झाली, जून 2018 पर्यंत चारशे. माणसं मोबाइलवर दिवसभरात जेवढा डेटा वापरतात त्याच्या पंधरा पट इथे वापरतात, असं गूगलनं तेव्हा सांगितलं होतं. एर्नाकुलम स्टेशनावरचा एक हमाल कानात इअरफोन घालून ओझी वाहता वाहता धडे ऐकायचा आणि 2018 मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, ही बातमी देशभर गाजली. अशा एका माणसाच्या गोष्टीवरून धोरण ठरवू नये. पण फलाट ही वाट पाहण्याची जागा आहे, आणि तिथे वेळ असलेल्या माणसाला चांगलं जाळं मिळालं की तो त्याचं काही तरी करतो, इतकं त्यातून दिसतं.

मुंबईत राज्य सरकारनंही या वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. जानेवारी 2017 मध्ये ‘आपले सरकार मुंबई वायफाय’ या नावानं पाचशे ठिकाणं सुरू झाली, मे महिन्यापर्यंत बाराशे करायचा मनसुबा होता. रस्त्यावरच्या वायफायचा अनुभव स्टेशनासारखा नव्हता. फलाटावर माणूस थांबतो, रस्त्यावर तो चालत असतो. चाळीस मीटरांचं वर्तुळ ओलांडायला अर्धं मिनिट पुरतं, आणि तेवढ्यात ओटीपी येतच नाही.

तो ओटीपी कुठून आला त्याचीही एक कथा आहे आणि ती नवी मुंबईची आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल सानपाड्यातल्या एका अमेरिकी रहिवाशाच्या घरच्या जोडणीवरून गेल्याचं तपासात निघालं. त्याचं वायफाय पासवर्डाशिवाय उघडं होतं, कुणी तरी बाहेरून त्यात शिरलं होतं. पुढच्या ईमेलांसाठी माटुंग्यातल्या एका कॉलेजचं आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार खात्यानं नियम काढला की सार्वजनिक वायफाय देणाऱ्यानं वापरणाऱ्याची ओळख नोंदवलीच पाहिजे, ओळखपत्र घेऊन किंवा मोबाइलवर संकेतांक पाठवून. तेव्हापासून आपल्याकडे वायफायला जोडायला आधी मोबाइल चालू लागतो. ज्याच्याकडे मोबाइल जोडणी नाही त्याच्यासाठी सार्वजनिक वायफाय ही सोय होती, आणि नेमका तोच बाहेर राहिला. परदेशातून आलेला, सिम नसलेला माणूसही याच दारात अडकतो. नियमामागचं कारण खोटं नाही, पण त्याची किंमत कधी कुणी मोजली नाही.

मग 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आलं, आणि सगळी गणितं उलटली. दूरसंचार नियामकाच्या आकड्यांप्रमाणे 2014 मध्ये एका जीबीला सरासरी 269 रुपये पडायचे, 2018 मध्ये ते 12 रुपयांच्या आत आले. खिशातच इंटरनेट असताना स्टेशनावरच्या डब्यापाशी कोण थांबणार? फेब्रुवारी 2020 मध्ये गूगलनं स्टेशनांवरच्या योजनेतून अंग काढून घेतलं, आणि स्वस्त झालेला मोबाइल डेटा हेच कारण दिलं. रेलटेलनं काम चालू ठेवलं. आज सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर ते वायफाय आहे, अर्धा तास फुकट, पुढे दिवसाला दहा रुपयांपासून पैसे. म्हणजे मोठी कंपनी गेली, घोषणा गेली, पण रुळाकडेची तार होती म्हणून सेवा उरली.

हरिसालच्या वाट्याला मात्र तशी तार आली नाही. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या या कोरकू गावाला 2016 मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. दवाखान्यात दूरवैद्यक, शाळेत स्क्रीन, दुकानांत कार्डावर पैसे. सरकारी जाहिरातीही झळकल्या. एप्रिल 2019 मध्ये राज ठाकरे यांनी सोलापूरच्या सभेत ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत हरिसालची दुसरी बाजू पडद्यावर दाखवली आणि जाहिरातीतल्याच तरुणाला व्यासपीठावर आणलं. त्यात राजकारण किती आणि सत्य किती यावर नंतर दोन्हीकडून भांडण झालं. मला त्यात न पडताही एवढं म्हणता येतं की सागवानी डोंगरांमधल्या गावात जाळं टिकवायचं तर रोज लक्ष घालणारा, बिघडलं की दुरुस्त करणारा आणि त्यासाठी पगार घेणारा माणूस गावातच हवा. उद्घाटनाच्या पथकात तो नसतो.

याच्या उलट टोकाला पालघर. पवईच्या आयआयटीत तेव्हा प्राध्यापक असलेले अभय करंदीकर आणि त्यांच्या गटानं खामलोली आणि आसपासच्या गावांत जे काम केलं त्याला फारशी प्रसिद्धी मिळाली नाही, पण मला ते या विषयातलं सगळ्यांत शहाणं काम वाटतं. दूरदर्शनसाठी राखलेल्या 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या पंधरापैकी बारा वाहिन्या देशात जवळजवळ कुठेही मोकळ्याच पडून असतात, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. या लांब लहरी झाडांतून, पानांतून वायफायपेक्षा पुष्कळ बऱ्या जातात. प्रायोगिक परवाना घेऊन त्यांनी सात गावांपर्यंत या लहरींनी इंटरनेट नेलं आणि गावात पुढे वायफायनं वाटलं. पट्टा कायमचा मोकळा करायला सरकार तयार झालं नाही, तेव्हा त्यांनी 5.8 गिगाहर्ट्झचे विनापरवाना दुवे वापरून पंचवीस गावं जोडली. तंत्रापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी व्यवहार मांडला. पंचायतीनं गावातलं जाळं आपलं मानायचं, गावातल्याच तरुणानं ते चालवायचं आणि कमाईत वाटा घ्यायचा. मार्च 2017 मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या कामाला पहिलं, सव्वा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. मागची तार कुठून आणि कुणाच्या पैशानं, हा प्रश्न त्यांनी पहिल्या पानावर घेतला होता.

राजस्थान सरकारनं 10 ऑगस्ट 2023 रोजी वेगळी वाट धरली. इंदिरा गांधी स्मार्टफोन योजनेत पहिल्या टप्प्यात चाळीस लाख महिलांना फोन द्यायचे होते. फोनसाठी 6,125 रुपये आणि डेटासाठी 675. आकाशातली चूक इथे सुधारलेली दिसते, यंत्राबरोबर जोडणीचे पैसेही दिले होते. पण थोड्याच दिवसांचे. निवडणूक आली, डिसेंबरात सरकार बदललं, योजना थांबली. फोन घरात राहिले, रिचार्ज आता ज्याचं त्यानं करायचं.

याच राज्यात दुसरी एक गोष्ट नियमानं घडत आली आहे. भरतीच्या परीक्षा आल्या की पेपरफुटी टाळायला मोबाइल इंटरनेट बंद. 26 सप्टेंबर 2021 रोजी शिक्षकभरतीच्या रीट परीक्षेसाठी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल डेटा बंद झाला. अशा आदेशांत बहुतेक वेळा तारेवरच्या ब्रॉडबँडला वगळलेलं असतं. म्हणजे ज्याच्या घरी तार आहे त्याचं वायफाय चालू, आणि ज्याची सगळी मदार हातातल्या फोनवर आहे तो दिवसभर अंधारात. भाजीवाला, रिक्षावाला, यूपीआयवर पैसे घेणारा टपरीवाला, सगळे दुसऱ्या गटात. जयपूर शहर संपतं आणि कानोत्यासारखी गावं सुरू होतात तिथे ही रेघ फार ठळक असणार.

सार्वजनिक वायफायचा नवा डाव 9 डिसेंबर 2020 रोजी मंत्रिमंडळानं मंजूर केला. पीएम-वाणी. पिवळ्या एसटीडी-पीसीओच्या बूथवरून सुचलेली रचना. वाण्यानं, चहावाल्यानं दुकानात वायफायचा डबा लावायचा आणि पाच-दहा रुपयांची कुपनं विकायची. परवाना नाही, शुल्क नाही, सरकारी नोंदणीही नाही. हिशेब आणि ओळखपडताळणी वरची एखादी कंपनी बघणार. 2018 च्या दूरसंचार धोरणानं 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणांचं लक्ष्य ठेवलं होतं. प्रत्यक्षात पीएम-वाणीची ठिकाणं काही लाखांतच अडकली.

अडलं कुठे? पीसीओवाला ज्या तारेवर धंदा करायचा ती तार सरकारी दूरसंचार खात्याची होती, आणि प्रत्येक कॉलमागे त्याचं कमिशन ठरलेलं होतं. खात्यालाही बूथ वाढायला हवे होते. आजच्या चहावाल्याला तार ज्या कंपनीकडून घ्यायची तीच कंपनी शेजारच्या टॉवरवरून मोबाइल डेटा विकते. त्याच्या डब्यावर गेलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तिचं गेलेलं गिऱ्हाईक. म्हणून बऱ्याच ठिकाणी कंपन्यांनी त्याच्याकडे घरगुती ब्रॉडबँडऐवजी कार्यालयांसाठीची महागडी लीज्ड लाइन मागितली. पाच रुपयांच्या कुपनावर तिचं भाडं निघणं शक्यच नव्हतं.

जून 2025 मध्ये नियामकानं यावर आदेश काढला. 200 मेगाबिटपर्यंतच्या घरगुती तारजोडणीचा जो दर असेल त्याच्या दुपटीहून जास्त या छोट्या वायफायवाल्यांना आकारायचं नाही. समजा घरगुती जोडणी महिना सातशे रुपयांना मिळते, तर दुकानदाराला ती जास्तीत जास्त चौदाशेला पडेल. पाच रुपयांची रोज दहा कुपनं खपली तर महिन्याचे दीड हजार रुपये होतात. त्यातून वरच्या कंपनीचा वाटा आणि विजेचं बिल वजा जातं, म्हणजे दहा कुपनांवर भागत नाही. वीस खपली तर दुकानदाराच्या हाती काही तरी उरतं. वसतिगृह, एसटी स्टँड, बांधकामावरची मजुरांची वस्ती, ऊसतोड टोळ्यांचा तळ अशा जागी वीस कुपनं खपणं अवघड नाही, कारण तिथे महिनाअखेर रिचार्ज संपलेली माणसं एकत्र सापडतात. चांगल्या सोसायटीच्या कोपऱ्यावर दोनसुद्धा खपणार नाहीत. त्यामुळे आता हे डबे कुठे लागतात, आणि तिथवर तार द्यायला कंपन्या किती दिवस लावतात, यावर नजर ठेवायला हवी.